बापूसाहेबांचे तीन ढीग

जावयाला नारायण मानायचं, त्याचे पाय धुवायचे, आणि मग त्याच नारायणाला भर उन्हाळ्यात वकिलाचा काळा कोट चढवून पंगतीत वरण वाढायला लावायचं, अशी रीत अख्ख्या वऱ्हाडात एकाच घरात आहे. ते घर अचलपूरच्या बापूसाहेब वकिलांचं. आणि अकोल्याच्या नितेशनं बायको नेमकी त्याच घरातली केली होती.

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं आणि अनारशांचं वाण द्यायचं, हे सगळीकडेच आहे. बापूसाहेबांनी त्यात स्वतःचं एक कलम घुसवलं होतं. जेवणाआधी पाटावर अनारशांचे तीन ढीग मांडायचे. एकात तीन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा. सासरा आणि जावई यांनी आळीपाळीनं उचलायचे. एका वेळी एकाच ढिगातले उचलायचे, पण कितीही. शेवटचा अनारसा ज्याच्या हाती लागला तो जिंकला. जावई हरला की कोट. कोटातला घामाघूम जावई वरणाचं पातेलं घेऊन वाकलाय, असा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा आणि त्याखाली सगळी सोयरीक दात काढायची. आणि जावई जिंकलाच, तर तो तोंडानं मागेल ते सासऱ्यानं द्यायचं. हा शब्द बापूसाहेब फार उदारपणे द्यायचे, कारण तो पाळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. धोंडा काही दरसाल येत नाही, म्हणून हाच खेळ त्यांनी दिवाळीलाही लावून ठेवला होता.

थोरला जावई ईशान, अमरावतीत इंजिनिअर. तो इतक्या वेळा हरला होता की कोटाच्या काखा त्याच्याच मापानं उसवल्या होत्या. त्यानं आता हरण्यातच समाधान मानलं होतं. सरकारी पूल बांधणाऱ्या माणसाला तशी सवय असते.

नितेशला ती सवय नव्हती. तो अकोल्यात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता (कुठल्या ते विचारू नका, अजून तिथंच नोकरी करायची आहे) आणि त्या कार्यालयात एक्सेलचा बादशाह म्हणून त्याची ख्याती होती. ख्याती म्हणजे काय, तर बाकीचे लोक बेरीज कॅलक्युलेटरवर करून एक्सेलमध्ये टाइप करायचे आणि हा एक्सेललाच करायला लावायचा. एवढ्यावर आपल्याकडे बादशाही मिळते.

यंदाच्या धोंड्याला मात्र कोटापेक्षा मोठी गोष्ट अडकली. नितेशची बायको रागिणी, तिची धाकटी बहीण अश्लेषा बी.एस्सी. झाली, तीही परतवाड्यातच, रोज घरून डबा नेऊन. अकोल्यात एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं. राहायला बहिणीचं घर होतं. बापूसाहेबांनी नाही म्हटलं. चांदूर बाजारचं एक स्थळ आलं होतं, मुलाचं बियाण्याचं दुकान होतं. "बियाणं इकायले बी.एस्सी. पुरे हाय," बापूसाहेब म्हणाले. "एम.एस्सी. केल्यानं का तुरीले दोन शेंगा जास्त लागतीन?"

अश्लेषानं नितेशला फोन केला. "जिजाजी, बाबा कोनाचंच आयकून नाई राहिले. तुमी या टायमाले जिंका. तुमी मांगतलं तर त्याईले नाई म्हनता येनार नाई."

एका मुलीचं शिक्षण सासरा-जावयाच्या अनारशांवर ठरावं, यात त्या घरात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. जिचं शिक्षण, तिला पाटावर बसायची परवानगी नव्हती. तिला अनारसे तळायची परवानगी होती. नितेश चिडला, पण हे सगळं कळून चिडला असता तर जास्त बरं झालं असतं. त्याला राग आला होता तो दिवाळीच्या फोटोखाली ईशानच्या मामीनं टाकलेल्या हसऱ्या तोंडांचा.

कामाला तो लागला, आणि त्याच्या शेजारचे पंजाबराव त्याच्याआधी लागले. पंजाबराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सरावासाठी रागिणीनं बिस्किटांचे ढीग मांडून दिले. पंजाबराव नियमाप्रमाणे उचलायचे आणि लगेच खायचे. त्यामुळे कुठला डाव कसा गेला, हे मागाहून कळायला काही मार्ग उरायचा नाही.

"तुमी पैलेच सगळा मोठा ढीग उचला," पंजाबराव म्हणाले. "समोरचा घाबरते."

"दिवाळीले तेच केलतं."

"मंग?"

"मंग कोट."

"तं मंग एक अनारसा खिशात घालून न्या घरूनच. शेवटी काढा आन म्हना, हा पाहा शेवटचा."

शेवटी तोड निघाली ती कार्यालयात. पौर्णिमा नावाची कनिष्ठ अभियंता नुकतीच रुजू झाली होती, बार्शीटाकळीहून रोज येणंजाणं करायची. नितेशनं तिला मोठ्या गूढपणे, एका मित्राची अडचण म्हणून, तीन ढिगांचा खेळ सांगितला. तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"हा तर सोपा हाय, नितेशभाऊ. ढिगाच्या आकड्यांचा एक्सॉर काढायचा. उत्तर शून्य आलं, तर ज्याची पाळी असन तो मेला, समोरचा चुकला नाई तर. शून्य नसन, तर एक चाल अशी असतेच का ज्यानं ते शून्य होते. ती करायची आन मेलेला डाव समोरच्याच्या गळ्यात घालायचा."

"एक्सॉर म्हणजे?"

"सारखं सारख्याले खाऊन टाकते, वेगळं तेवढं उरते. एक्सेलमध्ये हाय नं. बिटएक्सॉर. तुमाले तर माईतच असन."

आता बादशाहाला 'माहीत नाही' म्हणता येतं का? नितेशनं मान हलवली, आपल्या टेबलावर आला आणि ते सूत्र टाइप केलं. चौकटीत हॅशचं चिन्ह आलं, 'नेम' आलं आणि पुढं प्रश्नचिन्ह. म्हणजे संगणक त्यालाच विचारत होता, हे कोण? कार्यालयातलं एक्सेल इतकं जुनं होतं की हे फंक्शन जन्मायच्या आधीच त्याची खरेदी झाली होती.

इथं शहाणा माणूस थांबला असता. नितेशनं संगणक कक्षाकडे नव्या आवृत्तीसाठी रीतसर अर्ज केला. अर्जात कारण लिहावं लागतं. त्यानं लिहिलं, 'ढिगांचे विश्लेषण करणेकामी.' अर्ज शेरा मारून परत आला. 'कोणते ढीग? मातीचे अगर मुरुमाचे असल्यास गौण खनिज शाखेचा अभिप्राय घ्यावा.' नितेश काही बोलायच्या आत कुणीतरी तत्परतेनं तो अर्ज गौण खनिज शाखेकडे पाठवलासुद्धा. या कार्यालयात पेन्शनची फाइल हलवायला माणसाला मरावं लागतं, पण नको ती फाइल वाऱ्यासारखी जाते. गौण खनिजकडून नितेशला पत्र आलं, की सदर ढिगांच्या स्थळपाहणीसाठी आपण जागेवर हजर राहावे. त्यानं खुलासा दिला, 'सदर ढीग खाद्यपदार्थांचे आहेत.' त्यावर विचारणा आली, की खाद्यपदार्थांचा साठा शासकीय इमारतीत कोणाच्या परवानगीने केला.

साहेबांनी बोलावून घेतलं. "नितेशराव, खाद्यपदार्थ कोणते?"

"अनारसे, सर."

साहेबांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. "किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमेला हे कळलं तेव्हा ती जिन्यात बसून हसली. "अवो भाऊ, मोबाईलवर फुकट हाय नं हे. कायले अर्ज करत बसले?"

मोबाईलवर खरंच होतं. पण बादशाहाचं तोंड अजून पुरतं फुटायचं राहिलं होतं. बिटएक्सॉर लांबलचक वाटलं म्हणून त्यानं नुसतं एक्सॉर वापरलं. उत्तर आलं, 'ट्रू'. तीन, पाच, सहा टाकले, ट्रू. चार, चार, एक टाकले, ट्रू. पक्षाच्या बैठकीतल्या तालुकाध्यक्षासारखं ते फंक्शन प्रत्येक गोष्टीला होय म्हणत होतं. पौर्णिमेनं सांगितलं की ते खरं-खोटं तपासणारं वेगळं फंक्शन आहे, आकड्यांसाठी बिटवालंच घ्या. ते घेतलं, तर म्हणे दोनच आकडे चालतात, तिसरा घेणार नाही. मग आधी दोघांचं उत्तर काढायचं आणि ते तिसऱ्याशी भिडवायचं. तसं केलं, तर 'व्हॅल्यू' नावाची चूक. नितेश संध्याकाळभर त्या चुकीवर डाफरत होता. शेवटी रागिणीनं चहाचा कप ठेवता ठेवता पडद्यावर पाहिलं.

"तुमी चौकटीत 'तीन अनारसे' लिवलं हाय."

"मग अनारसेच नाईत का ते?"

"त्याले आकडा पाह्यजे. अनारसे मले पाह्यजेत."

तिनं अनारसे खोडले, नुसता तीनचा आकडा ठेवला. पाच. सहा. उत्तर आलं शून्य.

नितेश आनंदला. मग त्याला पौर्णिमेचं वाक्य आठवलं आणि तो खुर्चीतच खचला. शून्य आलं तर ज्याची पाळी तो मेला. आणि अचलपूरला पहिली पाळी कुणाची असायची? जावयाची. दर खेपेला, पाटावर बसलं की बापूसाहेब हात जोडून म्हणायचे, "पहिला मान पाव्हन्याचा." केवढं ते अगत्य. ईशान कितीदा त्या अगत्यानं भारावून गेला होता. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं मांडायचाच मेलेला डाव, आणि मेलेल्या डावातली पहिली पाळी मान म्हणून जावयाच्या पदरात घालायचा. नितेश स्वतःला बिनडोक समजत होता. तो बिनडोक नव्हता. त्याचा फक्त सत्कार होत होता.

"मी जाऊन तोंडावर सांगतो," नितेश म्हणाला. "म्हनतो, मामाजी, आधी तुमी."

"ईशानजिजाजींनी एकदा म्हनलं होतं तसं, लाजून," रागिणी म्हणाली. "बाबा म्हने, आमचा मान नको असन तं आमचं जेवनबी नको. दिवसभर उपाशी बसले. आई रडली, जिजाजींनी पाय धरले आन मंग कोट घातला."

"मग ढीग बदलायले सांगू."

"काय म्हनून सांगसान? तुमचं कपट समजलं म्हनून? आख्ख्या गावाले पुरून उरलेला वकील हाय तो. तुमच्यावरच अब्रूनुकसानी लावन."

पंजाबरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हरलात तर निदान कोटाच्या आतून बर्फाची पिशवी बांधा. ईशाननं फोनवर सांगितलं, लवकर हर, जेवण गरम मिळतं.

अशा सल्ल्यांची शिदोरी घेऊन नितेश आणि रागिणी अकोटमार्गे अचलपूरला निघाले. एसटीची खिडकी उघडली तर भट्टी आणि लावली तरी भट्टी, अशी हवा. नितेश ओल्या दुपट्ट्यात डोकं गुंडाळून डोळे मिटून बसला होता. रागिणीनं त्याचा मोबाईल घेतला आणि रस्ताभर त्यावर बोटं मारत राहिली. नितेशला वाटलं, रील पाहतेय. बायको मोबाईल पाहतेय म्हणजे रीलच पाहतेय, हे आमच्याकडच्या नवऱ्यांना उपजत ठाऊक असतं.

अचलपूरच्या बैठकीत कूलर घोंगावत होता. ईशान आणि थोरली प्रणाली आधीच येऊन बसले होते. काळा कोट खुंटीला, इस्त्री करून. चांदूर बाजारच्या मुलाचे वडीलही आले होते, 'सहज'. म्हणजे बापूसाहेबांनी जिंकायच्या आधीच पुढची तारीख घेऊन ठेवली होती. अश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात उभी. नितेशनं तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. तिला काय सांगणार? की तुझ्या एम.एस्सी.चं उत्तर शून्य आलंय?

बापूसाहेबांनी ताटासारखा हात पुढं केला. "मोबाईल हतीसा ठेवा, जवाईबुवा. कोर्टात फोन बंद."

रागिणीची आई ताराबाई पाटापाशी आल्या आणि ढीग मांडून गेल्या. तीन, पाच, सहा. खसखस वर, नीट एकावर एक. बापूसाहेबांनी हात जोडले. "पहिला मान पाव्हन्याचा."

नितेशचा हात उचलला गेला आणि हवेतच थबकला. कुठूनही उचललं तरी मरण होतं आणि ते ठाऊक असल्यानं आणखी वाईट मरण होतं. तेवढ्यात रागिणी तरातरा आली, वाकली, सहाच्या ढिगातला वरचा एक अनारसा उचलला आणि देवघराकडे वळली.

"अवं, काय करून राहिली?" बापूसाहेब म्हणाले.

"देवाले नैवेद्य दाखवाचा राह्यला, बाबा."

"मंग डब्यातला घे. डबा भरून हायेत तती."

"डब्यातला कसा? वानातला लागते देवाले." तिनं तो अनारसा देवापुढं ठेवला, पाणी फिरवलं, हात जोडले.

"बरं झालं तं मंग. आता तती दुसरा ठेव. सहा पाह्यजेत."

इथं ताराबाई बोलल्या. त्या घरात त्यांचं बोलणं भाजीला मीठ किती, एवढ्यापुरतं असायचं. "देवाचा हिस्सा निंगाला का वानात भर घालत नसतात," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं कवा घातली नाई."

हा नियम खरा होता की त्यांनी त्या क्षणी केला, हे त्यांच्या सासूबाईंना विचारायला हवं, आणि त्या भिंतीवर हार घालून बसल्या होत्या. बापूसाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांना गणित येत नव्हतं. तरुणपणी वसतिगृहात कुणाकडून तरी त्यांनी ही एकच मांडणी, तिच्या पाठ केलेल्या चालींसकट, उचलली होती आणि त्या एका मांडणीवर आयुष्यभर राज्य केलं होतं. सहाचे पाच झाले की ते वाटेतच उतरवलेल्या उतारूसारखे होते.

"सहाच पाह्यजेत," ते पुन्हा म्हणाले. "रीत हाय."

"पन मामाजी," ईशान अगदी निरागसपणे म्हणाला, "एका अनारशानं का फरक पडते?"

खरं उत्तर दिलं असतं, तर भावी व्याह्यासमोर, दोन जावयांसमोर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या साक्षीदारांना अडकवणारा वकील स्वतःच्या जावयाच्या भोळ्या प्रश्नात अडकला. "काई नाई पडत," ते म्हणाले. म्हणावंच लागलं. "खेळा."

नितेश पाटाकडे पाहत होता. तीन, पाच, पाच. मोबाईल कोपऱ्यात उलटा पडला होता. त्याची बोटं सवयीनं मांडीवर सूत्र टाइप करायला लागली आणि मधेच थांबली. सारखं सारख्याला खातं, वेगळं तेवढं उरतं. पाचाला पाचानं खाल्लं. उरले ते तीन. अडसर तेवढाच होता. त्यानं तिन्ही अनारसे एकदम उचलले आणि बाजूच्या ताटात ठेवले.

पाटावर दोनच ढीग राहिले, पाच आणि पाच, जुळ्या भावांसारखे. पाळी बापूसाहेबांची.

त्यांनी बराच विचार केला. मग एका ढिगातले दोन उचलले. नितेशनं दुसऱ्यातले दोन उचलले. बापूसाहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि एक उचलला. नितेशनं समोरच्यातला एक उचलला.

"नक्कल करून राहिले का जवाईबुवा?"

"तुमच्याकूनच शिकून राहिलो, मामाजी."

चांदूर बाजारचे पाहुणे फसकन हसले आणि मग खोकल्याचं नाटक केलं. ईशान खुर्ची सोडून पाटाजवळ येऊन उकिडवा बसला होता. प्रणालीनं कूलर बंद केला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. बापूसाहेबांनी त्राग्यानं अख्खा ढीग, उरलेले दोन, उचलून टाकला. आता एकच ढीग राहिला. त्यात दोन अनारसे. नितेशनं ते दोन्ही उचलले आणि हातात धरून बसून राहिला, कारण जिंकल्यावर त्या घरात काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा हसली ती अश्लेषा. मग ईशान उठला, खुंटीवरचा कोट काढला, घडी घातली आणि कपाटाच्या माथ्यावर पार मागं सरकवून दिला, जिथं शिडीशिवाय हात पोचत नाही. त्याच्या अंगावरचं एक ओझं उतरल्यासारखा तो चालत होता.

बापूसाहेबांनी घसा साफ केला. हरणं त्यांना येत नव्हतं, पण शब्द फिरवणंही येत नव्हतं, निदान घरात. "मांगा," ते म्हणाले. "अंगठी म्हना, घड्याळ म्हना. आमच्या घरचा शब्द हाय."

"अश्लेषा आज आमच्यासंगं अकोल्याले येते," नितेश म्हणाला. "एम.एस्सी.ले."

चांदूर बाजारच्या पाहुण्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांनी ताराबाईंकडे पाहिलं. ताराबाई लेकीकडे पाहत होत्या. "तिची बॅग सकाळीच भरली म्या," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या."

"पाव्हने," बापूसाहेब म्हणाले, "स्थळाचं कसं मंग?"

चांदूर बाजारच्या पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमी थांबू दोन साल, वकीलसाहेब. एम.एस्सी. झालेली सून दुकानात बसली तं कंपनीवाले एजंट आमाले नाई शिकवनार, आमी त्याईले शिकवू."

"ते मंग पाहू," अश्लेषा दारातून म्हणाली. "आधी मले शिकू द्या." आणि त्या घरात बापूसाहेबांसमोर कुणी 'मंग पाहू' म्हटलं, याची पंगतीतल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं नोंद घेतली.

पंगतीत वरण बापूसाहेबांनी वाढलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून पातेलं उचललं आणि पहिला डाव रागिणीच्या पानात घातला. वाढताना तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नैवेद्य म्हने," ते पुटपुटले.

"होय, बाबा."

"सहातलाच बरा घेतला."

"पाचातला घेतला असता तं जोडी जुळली नसती, आन याईले मोबाईलबिगर चाल दिसली नसती," रागिणी म्हणाली, आणि भातात वरण कालवू लागली. नितेशचा घास हातातच राहिला. रस्ताभर ती रील पाहत नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. तिनं सगळे ढीग एकेक कमी करून पाहिले होते. एक्सेलचा बादशाह आपल्याच घरात मांडलिक होता, आणि गंमत म्हणजे त्याला त्या क्षणी त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्यानं वरण मागून घेतलं.

संध्याकाळी परतवाड्याच्या स्टँडवर बापूसाहेब स्वतः आले. अश्लेषाची बॅग हमालाला न देता त्यांनीच गाडीत चढवली, वरच्या रॅकवर रेटून बसवली. मग खाली उतरायच्या ऐवजी ते गाडीच्या मधोमध उभे राहिले आणि कोर्टात शेवटचा युक्तिवाद करावा तशा आवाजात कंडक्टरला म्हणाले, "मास्तर, ही माही मुलगी. अकोल्याले एम.एस्सी. करायले चालली. मीच पाठवून राहिलो. बाप म्हनून माहाच निर्नय हाय हा."

सगळी गाडी मान वळवून पाहायला लागली. पुढच्या सीटवरची एक बाई म्हणाली, बापानं असं पाह्यजे. बापूसाहेबांनी तिला मान लववली.

नितेशनं तोंड उघडलं. रागिणीनं त्याच्या पायावर पाय ठेवला.

"बोलू द्या त्याईले," ती हळूच म्हणाली. "भरल्या गाडीपुढं जबाब देऊन राहिले. वकील हायेत. आता फिरता येत नाई त्याईले."